नागानोतलं बारा वर्षं बंद असलेलं घर घ्यावं का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल. तुम्ही चार वर्षं टोकियोत आहात, इंजिनियरच्या व्हिसावर. सोबत पत्नी आणि सहा वर्षांची मुलगी. नागानोच्या उत्तर भागातल्या एका डोंगरवाडीत १९७४ सालचं दुमजली लाकडी घर १८ लाख येनला मिळतंय, सोबत भाजीपाल्याचा एक तुकडा आणि मागे थोडं रान. घर बारा वर्षं बंद आहे. हाताशी ५० लाख येन आहेत. कंपनीने सध्या घरून काम करायला परवानगी दिलीये. विचारताय ते एवढंच, की घर घ्यावं का, आणि दुरुस्ती किती आपल्या हातांनी जमेल.

मी चौदा वर्षं याच प्रांतात जुनी लाकडी घरं दुरुस्त करणाऱ्या एका लहानशा कंपनीत आहे. शिक्षणाने सिव्हिल इंजिनियर, पण लाकूड शिकलो ते इथल्या सुतारांच्या हाताखाली. आमचं स्वतःचं घरही असंच, आठ वर्षं बंद असताना घेतलेलं. त्यामुळे पुढे जे लिहितोय त्यातलं निम्मं धंद्यातून आलंय आणि निम्मं चुका करून.

तुम्ही घराबद्दल विचारलंय, पण अडचण घराची नाहीच. २०२३ च्या सरकारी पाहणीत जपानात सुमारे ९० लाख घरं रिकामी निघाली, एकूण घरांच्या १३.८ टक्के. अकिया म्हणतात ती हीच. घर मिळणं इथे कठीण नाही, नको झालेल्या घरातून सुटणं कठीण आहे. तुमचा मालक बहुधा शहरात राहणारा सत्तरीचा मुलगा असेल. दरवर्षी मालमत्ता कर भरायचा, गवत कापायला माणूस लावायचा, शेजाऱ्यांचे फोन घ्यायचे, याला तो कंटाळलाय. त्यात २०१५ पासून ओसाड घरांचा वेगळा कायदा आहे आणि २०२३ च्या डिसेंबरपासून तो आणखी कडक झाला. घराकडे दुर्लक्ष केल्याचा ठपका नगरपालिकेने ठेवला आणि सांगूनही सुधारणा झाली नाही, तर घराखालच्या जमिनीवरची करसवलत जाते. २०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीचं करमूल्य या सवलतीमुळे एक षष्ठांश धरलं जातं, म्हणजे सवलत गेल्यावर बसणारा फटका काही लहान नाही. १८ लाखांत घर विकणारा माणूस तुमच्यावर उपकार करत नसतो, तो आपल्या गळ्यातलं लोढणं तुमच्या गळ्यात घालत असतो. म्हणून वाईट वाटून घेऊ नका, फक्त लोढण्याचं वजन आधी करा.

परतीची वाट आधी बघा, कारण ती फार अरुंद आहे. २०२३ च्या एप्रिलपासून नको असलेली जमीन सरकारला परत देण्याची सोय झाली, असं तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. खरं आहे. पण ती वारसाहक्काने जमीन आलेल्यांसाठी आहे, आणि तीही वर घर उभं नसेल तरच. विकत घेतलेल्याला ती लागू नाही. पाच वर्षांनी तुम्हाला निघावंसं वाटलं तर गिऱ्हाईक तुम्हालाच शोधावं लागेल. चाळीस त्सुबोचं, म्हणजे साधारण १३० चौरस मीटरचं लाकडी घर पाडायलाच आज १५ ते २० लाख येन सहज लागतात. म्हणजे घराच्या किमतीएवढाच खर्च ते नाहीसं करायला.

आता व्हिसा. याबद्दल लोक सगळ्यात शेवटी विचारतात. घर नावावर झाल्याने इथे राहण्याचा हक्क तसूभरही वाढत नाही. जपानात परदेशी माणूस जमीनजुमला मालकीहक्काने घेऊ शकतो, त्याला आडकाठी नाही. पण निवासाचा परवाना ही पूर्णपणे वेगळी गोष्ट. तुमचा परवाना नोकरीवर टांगलेला आहे. उद्या कंपनीने सांगितलं, आठवड्यातून चार दिवस ऑफिसात या, तर? नोकरी सुटली आणि तीन महिने त्या क्षेत्रातलं काम केलं नाही, तर परवाना रद्द होऊ शकतो. आणि डोंगरवाडीत बसून दुसरी नोकरी शोधणं टोकियोइतकं सोपं नाही.

तुम्ही जाता जाता लिहिलंय, 'पुढेमागे दोन खोल्या पाहुण्यांना भाड्याने देऊ.' ते वाक्य डोक्यातून काढून टाका, निदान सध्या. तुमच्या व्हिसावर स्वतःचा असा धंदा चालवता येत नाही. धंद्याच्या व्हिसासाठी लागणारं भांडवल २०२५ च्या ऑक्टोबरात ५० लाखांवरून थेट ३ कोटी येन झालं, वर एक पूर्णवेळ नोकर ठेवायची अट. घर घेऊन पाहुणे ठेवायचे आणि त्यावर व्हिसा मिळवायचा, हे जुने व्हिडिओ अजून फिरतायत. तो रस्ता तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी बंद झालाय.

तसंच अनुदानाचं. टोकियोच्या मध्यवर्ती २३ वॉर्डांतून खेड्यात जाणाऱ्या कुटुंबाला १० लाख येनपर्यंत आणि वर प्रत्येक मुलामागे आणखी रक्कम मिळते, हे खरं. पण परदेशी माणसाला त्यासाठी कायम निवासी, जपानी किंवा कायम निवासी माणसाचा जोडीदार, अशा मोजक्या दर्जांपैकी एक लागतो. इंजिनियरचा व्हिसा त्यात बसत नाही. म्हणून अशी चौकशी घेऊन येणाऱ्यांना मी पहिल्यांदा विचारतो ते कायम निवासाबद्दल. सरसकट नियम दहा वर्षांचा. उच्च कौशल्याच्या गुणपद्धतीत ७० गुण भरले तर तीन वर्षं, ८० भरले तर एक वर्ष. पगार, वय, पदवी, जपानी भाषेची परीक्षा यांचे गुण असतात. तुमचं वय आणि पगार मला माहीत नाही, पण आजच बसून बेरीज करा. आकडा ७० च्या आसपास येत असेल, तर माझ्या मते घर दोन वर्षं थांबू शकतं. असं घर पळून जात नाही, आणि हे गेलं तरी त्याच खोऱ्यात दुसरं मिळतं.

हे सगळं धरूनही जायचंच असेल, तर आता घराकडे वळू.

१९७४ म्हणजे १९८१ च्या आधीचं. जून १९८१ ला भूकंपाचे नियम बदलले, लाकडी घरांसाठी ते २००० साली आणखी घट्ट झाले. तुमच्या घराला यातलं काहीच लागू नव्हतं. त्या काळच्या घरांत भिंती कमी आणि सरकती दारं जास्त. माथ्यावर कौलांचं ओझं, खाली पोकळ. बऱ्याच नगरपालिका १९८१ पूर्वीच्या लाकडी घरांची भूकंप तपासणी फुकट किंवा नाममात्र पैशांत करून देतात आणि मजबुतीकरणाला अनुदानही देतात. अर्ज सहसा मालकाने करायचा असतो. म्हणून सौदा व्हायच्या आधी सध्याच्या मालकालाच तो करायला सांगा. विकण्याची घाई त्याला असते, तो नाही म्हणत नाही.

घर बघायला गेलात की सगळ्यात आधी बागेत जाऊ नका. जुन्या घराचा व्हरांडा, त्यावर पडलेलं ऊन, समोर पर्सिमनचं झाड, यात माणूस विरघळतो. सरळ न्हाणीघर गाठा. बारा वर्षं बंद असलेल्या घरात पाणी कुठून आलं आणि कुठे मुरलं, एवढाच प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा न्हाणीघराच्या भिंतीखाली, उत्तरेकडच्या कोपऱ्यात सापडतं. इथे खांब उभे असतात ते जमिनीलगतच्या आडव्या तुळईवर, तिला दोदाई म्हणतात. न्हाणीघराला लागून असलेल्या खोलीतली तातामी चटई उचला, खालच्या फळ्या सुटतात, आणि टॉर्च घेऊन पालथं पडून आत बघा. स्क्रूड्रायव्हर सोबत ठेवा. तुळईला टोचून बघा.

गेल्या वर्षी एका कुटुंबासोबत असंच घर बघायला गेलो होतो. वरून सगळं झकास, खांब काळेभोर, चकचकीत. तातामी उचलली तर दमट, कुबट वास आला, जुन्या पोत्यासारखा. दोदाईला स्क्रूड्रायव्हर लावला, तर भिजलेल्या पुठ्ठ्यात जावा तसा मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढल्यावर पात्याला लाकडाचा भुसा नव्हता, ओली माती होती. वाळवीने आतलं लाकूड खाऊन त्या जागी माती भरून ठेवली होती आणि वरची साल तेवढी शाबूत ठेवली होती. घर त्या सालीवर उभं होतं. दलाल शांतपणे म्हणाला, 'या वयाच्या घरात थोडंफार असतंच.' थोडंफार म्हणजे किती, ते घर उचलून तुळई बदलल्याशिवाय कळत नाही.

दुसरी गोष्ट जमिनीचा उतार. खिशात मावेल अशी छोटी लेव्हल घ्या. मीटरला ३ मिलिमीटरपर्यंतचा फरक जुन्या घरात मी सोडून देतो. इथल्या सरकारी मापदंडानुसार मीटरला ६ मिलिमीटर किंवा जास्त उतार असेल, तर घराच्या सांगाड्यात दोष असण्याची शक्यता मोठी धरतात. सगळ्या खोल्या एकाच दिशेला कलत असतील तर पाया खचलाय. एकच कोपरा बसला असेल तर तिथली तुळई गेली आहे. दुसरी दुरुस्ती त्रासाची असली तरी होते. पहिलीला मी हात लावत नाही.

तिसरं छप्पर. पोटमाळ्यावर चढून फळ्यांवरचे पाण्याचे डाग बघा. कडा कोरड्या आणि पिवळट असतील तर जुनी गळती, कधीतरी बुजवलेली. काळे, मऊ, बुरशीचे असतील तर अजून चालू आहे. छप्पर धड असेल तर बाकी सगळं हळूहळू करता येतं. छप्पर गळत असेल तर बाकी काहीच करण्यात अर्थ नाही. उत्तर नागानोत बर्फ छपरावर मीटर-मीटर साचतं, त्याच्या वजनाने वळचणीचे वासे वाकतात. लांबून उभं राहून वळचणीची रेघ डोळ्यांनी मापा. लाटेसारखी दिसली तर समजून जा.

संडास कसला आहे ते विचारा, लाजू नका. अशा घरांत अजून कुमितोरी सापडतो, म्हणजे खाली हौद आणि तो उपसायला येणारा टँकर. त्याजागी मैला आणि सांडपाणी दोन्ही शुद्ध करणारी जोकासो टाकी बसवायची तर खोदकामासकट १० लाख येनच्या आसपास धरा. नगरपालिकेचं अनुदान असतं, पण ते वर्षाच्या कोट्यावर, आणि कोटा संपला की पुढच्या एप्रिलपर्यंत थांबा.

आता हाताने किती जमेल? तुम्हाला सवय नाही असं धरून सांगतो. सामान काढणं, जुना कागद खरवडणं, रंग, फळ्यांची जमीन टाकणं, भिंतीत आणि जमिनीखाली उष्णतारोधक थर भरणं, हे सगळं दोघांना शनिवार-रविवारी जमतं. वेळ मात्र तुम्ही धरलाय त्याच्या तिप्पट लागेल. वायरिंगला परवानाधारक माणूसच लागतो, तो कायदा आहे. छप्पर, दोदाई आणि भूकंपासाठीच्या आडव्या-तिरप्या पट्ट्या यांना हौशी माणसाने हात लावू नये. शिवाय २०२५ च्या एप्रिलपासून दुमजली लाकडी घराच्या छप्पर, खांब, तुळया अशा मुख्य भागांपैकी कुठल्याही एकाचं निम्म्याहून जास्त काम काढायचं तर आधी बांधकामाची रीतसर मंजुरी लागते. त्यासाठी नकाशे, वास्तुविशारद, फी, हे सगळं आलं. पूर्वी हे इतकं नव्हतं, म्हणून जुने अनुभव वाचून अंदाज बांधू नका.

घरातलं सामान हा वेगळाच अध्याय. 'आहे त्या स्थितीत' विकलेल्या घरात बारा वर्षांपूर्वीच्या सकाळचं सगळं तसंच असतं. गाद्या, लोणच्याच्या बरण्या, भिंतीवरचं कॅलेंडर. आमच्या घरात आतल्या खोलीत बुत्सुदान होतं, म्हणजे पूर्वजांचं देवघर, काळ्या लाखेचं, दारं मिटलेली. उघडलं तर आत इहाइ होत्या, मेलेल्या माणसांची नावं सोनेरी अक्षरांत कोरलेल्या पाट्या, पाच-सहा, आणि एका वाटीत राखेत उभी अर्धवट जळलेली उदबत्ती. आम्ही दोघं कितीतरी वेळ तिथेच बसलो. आपल्याकडे कोणी देवघर मांडलेलं सोडून घर विकलं असतं तर काय वाटलं असतं? मालकाला फोन केला. तो गडबडला, म्हणाला टाकून द्या. माझ्या हाताखालच्या म्हाताऱ्या सुताराने मान हलवली. त्याने गावच्या देवळातल्या भटजींना आणवलं, त्यांनी वीस मिनिटं पाठ म्हणून पाट्यांमधला आत्मा काढून घेण्याचा विधी केला, मगच देवघर हललं. पाट्या देवळाने ठेवून घेतल्या. खर्च फार नव्हता, पण वाडीत ती गोष्ट दोन दिवसांत पसरली आणि 'ते भारतातले लोक बरे दिसतात' असं आमच्याबद्दल बोललं गेलं. सांगायचं कारण, करारात लिहून घ्या: देवघर आणि थडग्याची व्यवस्था मालक करेल, बाकीचं सामान तुम्ही. नुसतं सामान उचलायलाच ३ ते ६ लाख येन जातात.

कागदपत्रांबाबत थोडक्यात. नोंदणीत मालक कोण आहे ते आधी बघा. इथेही आपल्या सातबाऱ्यासारखंच, आजोबा जाऊन तीस वर्षं झाली तरी नाव त्यांचंच. २०२४ च्या एप्रिलपासून वारस नोंद तीन वर्षांत करणं सक्तीचं झालंय, न केल्यास एक लाख येनपर्यंत दंड आहे, पण जुनी प्रकरणं अजून अडकलेली आहेत. सगळ्या वारसांच्या सह्या झाल्याशिवाय इसाराचा एक येनही देऊ नका. शेताचा तुकडा शेतजमीन म्हणून नोंदलेला असेल तर कृषी समितीची परवानगी लागते. किमान क्षेत्राची अट २०२३ च्या एप्रिलमध्ये गेली, त्यामुळे छोट्या तुकड्यालाही परवानगी मिळू शकते, मात्र तो तुम्ही खरंच कसणार हे पटवून द्यावं लागतं. रानाचा ताबा घेतल्यावर ९० दिवसांत नगरपालिकेला कळवायचं. दलाली तुम्हाला धक्का देईल: २०२४ च्या जुलैपासून ८० लाखांपर्यंतच्या घरांवर दलालाला ३ लाख ३० हजार येनपर्यंत घेता येतात. १८ लाखांच्या घरावर एवढी दलाली म्हणजे चेष्टा वाटते. पण नाहीतर दलाल असली घरं हातात धरायलाच तयार नव्हते, म्हणून ती वाढवली.

आणि नगरपालिकेचा आपत्ती नकाशा. तो विकत घेण्याआधी बघा, चहाच्या कपाशेजारी ठेवून निवांत बघा. २०१९ च्या ऑक्टोबरात चिकुमा नदीचा बांध नागानो शहराच्या होयासू भागात फुटला आणि बुलेट ट्रेनचे डबे पाण्यात उभे असलेले फोटो जगभर गेले. तो भाग नकाशावर आधीपासूनच रंगवलेला होता. तुमच्या बाबतीत पुराहून दरडीचा धोका जास्त. नकाशावर घर लाल पट्ट्यात असेल तर विषय तिथेच संपवा. पिवळ्यात असेल तर मागचा डोंगर स्वतः चढून बघा, शक्यतो पावसाच्या दुसऱ्या दिवशी.

आतापर्यंतचं गोळा करून सांगायचं तर क्रम असा: आधी तुमचा परवाना पक्का, मग वाडी, मग घर. तुम्ही तो उलटा धरलाय. आणि मधला टप्पा, वाडी, यावर तुम्ही एक ओळही लिहिलेली नाही, म्हणून आता त्याबद्दल.

अशा वाडीत घर घेणं म्हणजे एका संस्थेचं सभासदत्व घेणं. परिसर मंडळाची वर्गणी असते, ठिकाणाप्रमाणे कमी-जास्त. काइरानबान नावाची सूचनांची फाइल दारोदार फिरते. वाचून, शिक्का मारून, पुढच्या घरी नेऊन द्यायची. ती तुमच्याकडे तीन दिवस पडून राहिली तर कोणी बोलणार नाही, पण सगळ्यांना कळेल. वर्षातून काही वेळा पहाटे रस्त्याच्या कडेचं गवत आणि पाटातला गाळ काढायचं सामूहिक काम. माझ्या पहिल्या वेळी निरोपात सहाची वेळ होती, मी बरोबर सहाला नवेकोरे हातमोजे घालून पोचलो, तर ऐंशीच्या आजोबांची अर्धी कड कापून झाली होती. सहा म्हणजे पावणेसहा, हे कुठे लिहिलेलं नसतं. घरून काम करणाऱ्याला 'तो घरीच असतो' म्हणून जास्त हाका येतात, हेही धरून चाला.

याचा जाच वाटणारी माणसं असतात, आणि त्यात काही चूक नाही. टोकियोतलं निनावीपण ज्यांना आवडतं त्यांनी वाडीपेक्षा जवळच्या छोट्या गावात घर बघावं. पण दुसरी बाजूही सांगतो. पहिल्या हिवाळ्यात आम्ही दहा दिवसांसाठी भारतात गेलो. रात्री पारा उणे १२ पर्यंत उतरतो आणि घर सोडताना नळातलं सगळं पाणी काढून टाकायचं असतं, त्याला मिझुनुकी म्हणतात, हे मला माहीत होतं. मी विसरलो. बेसिनमागचा पाइप फुटला. शेजारच्या आजींना दाराखालून बाहेर आलेली बर्फाची जीभ दिसली, त्यांनी काठी टेकत रस्त्यालगतच्या मीटरपर्यंत जाऊन मुख्य झडप बंद केली. आम्ही परतलो तेव्हा एका खोलीची जमीन गेली होती, घर वाचलं होतं. आणि २०१४ च्या नोव्हेंबरात हाकुबा भागात ६.७ तीव्रतेचा भूकंप झाला, रात्री दहानंतर, घरं कोसळली, माणसं खाली अडकली, तरी एकही जीव गेला नाही. कोणत्या घरात कोणती आजी कुठल्या खोलीत झोपते हे शेजाऱ्यांना ठाऊक होतं. त्यांनी जॅक आणि यंत्रकरवती आणून अडकलेल्यांना बाहेर काढलं. काइरानबान उगाच फिरत नाही.

भाषा तुमची कामापुरती आहे म्हणता. पत्नीची? हे मी मुद्दाम विचारतोय. तुम्ही दिवसभर लॅपटॉपसमोर असाल, दाराशी येणारी प्रत्येक व्यक्ती तिलाच भेटणार. मी जी परत गेलेली कुटुंबं पाहिली, त्यांतली निम्मी तरी घर गळतं म्हणून गेली नाहीत. घरातलं एक माणूस दिवसभर मुकं राहिलं म्हणून गेली. दोघांना गाडी येत नसेल तर तेही तसंच. भारतीय परवाना इथला करून घ्यायला लेखी आणि चालवून दाखवायची परीक्षा असते, आणि अलीकडे ती सोपी राहिलेली नाही. शाळेचं म्हणाल तर सरकारी शाळा परदेशी मुलांनाही घेते आणि सहा वर्षांचं मूल भाषा वर्षभरात उचलतं. फक्त शाळा पुढच्या पाच वर्षांत दुसरीत विलीन होणार आहे का, एवढं शिक्षण कार्यालयात विचारा.

शेवटी पैसे. घर १८, दलाली आणि नोंदणी मिळून ५ च्या आसपास, सामान ४, टाकी १०. तुमच्या ५० लाखांतले ३७ इथेच गेले, आणि छप्पर, दोदाई, भूकंपाचं मजबुतीकरण, न्हाणीघर, दोन गाड्या अजून यायच्याच आहेत. कर्ज मिळेल असं धरू नका. कायम निवास नसताना आणि एवढ्या जुन्या घरावर बँका सहसा देत नाहीत. घर खरेदीवरचा कर तर काही महिन्यांनी पाकिटातून येतो, तोवर माणूस तो विसरलेला असतो. छप्पर आणि दोदाई दोन्ही धड निघाले, तरच हे गणित जेमतेम बसतं. तेव्हाही अख्खं घर करायला जाऊ नका. आम्ही केलं ते घरातलं घर: स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि एक खोली एवढंच नीट मजबूत आणि ऊबदार केलं, बाकीच्या पाच खोल्या तीन वर्षं दारं लावून बंद ठेवल्या. आठ अंशांच्या घरात रॉकेलचा स्टोव्ह जाळून सगळीकडे ऊब आणायचा प्रयत्न केला तर पगार धुरात जातो.

दोदाई किंवा छप्पर यातलं एक जरी गेलेलं असेल, तर माझं उत्तर 'नको' असं आहे. फुकट दिलं तरी नको.

मात्र त्याआधी एक करा. बऱ्याच नगरपालिका इकडे यायचा विचार करणाऱ्यांना थोड्या दिवसांसाठी राहून बघायला घर देतात, अगदी कमी भाड्यात. ते फेब्रुवारीत मागा, सगळे मे महिन्यात मागतात. मुलीला घेऊन जा, दोन आठवडे तिथूनच ऑफिसचं काम करा, सकाळी उठून दारातला बर्फ उपसा, आणि एखाद्या दुपारी शेजारच्या कुणालातरी तुमच्या त्या घराबद्दल विचारा. बारा वर्षांपूर्वी ते का बंद झालं, गळत होतं का, विहिरीला उन्हाळ्यात पाणी असायचं का, हे दलालाला माहीत नसतं, पलीकडच्या आजोबांना असतं. जाताना स्क्रूड्रायव्हर, छोटी लेव्हल आणि डोक्याला बांधायची बॅटरी न्या. आणि फोटो पाठवणार असाल तर तातामीखालचे आणि पोटमाळ्यावरचे पाठवा, पर्सिमनच्या झाडाचे नकोत.